वाळूचा ढीग: निम्मा की तिसरा हिस्सा?

माळरान

मंडळी, घरात भांडण लागलंय आणि कारण आहे अंगणातला वाळूचा ढीग.

गावाकडं (सातारा जिल्हा) दोन खोल्या वाढवतोय. बुधवारी क्रश सँडचा टिपर आला. पावतीवर ३ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). मी नेमका तालुक्याला गेलो होतो, त्यामुळे हौदा मोजायचा राहिला. परत आलो तर ढीग ओतून गाडी पसार. ढीग मोकळ्यात आहे, भिंतीला टेकलेला नाही. आईनं 'सगळं अंगण भरवलं' म्हणून गड्याकडून कडेची वाळू फावड्यानं वर ओढून घेतली, त्यामुळे आता अगदी गोल शंकू झालाय. (टिपरचा ढीग लांबुळका पडतो हे मला माहीत आहे, त्यावरून कुणी प्रतिसाद वाढवू नयेत.)

मापं अशी: तळाचा घेर टेपनं ४४ फूट. टोकातून सळई सरळ खाली घातली, जमिनीला लागली तेव्हा ४ फूट ८ इंच आत गेली होती.

माझा हिशोब: घेर ४४ म्हणजे त्रिज्या ७. तळ १५४ चौरस फूट. सरळ नळकांडं असतं तर १५४ गुणिले उंची, म्हणजे ७१९ घनफूट. पण ढीग निमुळता होत टोकाला शून्य होतो, म्हणून त्याच्या निम्मं. ३५९ घनफूट. साडेतीन ब्रासच्या वर! मी खूश. म्हटलं, देव माणूस आहे वाळूवाला.

तेवढ्यात दहावीतला भाचा म्हणाला, "मामा, निम्मं नाही, एक तृतीयांश." म्हणजे २४०. म्हणजे २.४ ब्रास. म्हणजे साठ घनफूट वाळू गेली कुठं?

सूत्र मलाही आठवतं हो. पण 'का?' विचारलं तर भाचा म्हणतो 'सूत्रच आहे तसं'. ढिगाकडे बाजूनं बघितलं तर त्रिकोण दिसतो. त्रिकोण आयताच्या निम्मा असतो हे चौथीच्या पोराला कळतं. मग शंकू नळकांड्याच्या निम्मा का नाही? मला वाळूवाल्याशी बोलायला जायचंय. तिथं 'सूत्रच आहे तसं' म्हणून चालायचं नाही.

चिमणीचंद

निम्म्यानं मोजा, तिसऱ्या हिश्शाचे पैसे द्या. मिटलं.

पाटीपुस्तक

माळरान, भाचा बरोबर आहे, आणि तुमचा प्रश्न भाच्याच्या उत्तरापेक्षा चांगला आहे. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. 'निम्मं का नाही?' असं विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

ढिगाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे २ फूट ४ इंचावर आडवा काप घेतलाय असं समजा. तिथं ढिगाची रुंदी किती? तळाच्या निम्मी. तुमचा त्रिकोण इथवर बरोबर बोलतो. पण तिथं वाळू किती पसरली आहे? त्रिज्या ७ ची ३.५ झाली, पण क्षेत्रफळ १५४ चं ७७ नाही झालं. ते झालं ३८.५. पाव! ढीग फक्त डावी-उजवीकडून आत येत नाही, पुढून-मागूनही येतो. तुम्ही बाजूनं बघता तेव्हा एकच आकुंचन दिसतं, दुसरं तुमच्या नजरेच्या रेषेत लपलेलं असतं.

आता थर लावा. त्रिकोणासाठी दहा पट्ट्या, लांबी १, २, ३ ... १०. बेरीज ५५. आयतात दहा पट्ट्या दहाच्या, म्हणजे १००. पंचावन्नास शंभर, निम्म्याच्या जवळ. पट्ट्या बारीक करत गेलात की निम्मंच.

शंकूसाठी पट्ट्या नाहीत, चकत्या. चकतीचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर चालतं. म्हणून १, ४, ९, १६ ... १००. बेरीज ३८५. नळकांड्यात दहा चकत्या शंभराच्या, म्हणजे १०००. शंभर थर घ्या: बेरीज ३,३८,३५०, नळकांडं दहा लाख. ०.३३८. हजार थर घ्या, ०.३३३८. कुठं चाललंय ते दिसतंय ना?

आणि हे पुण्यामुंबईच्या क्लासवाल्यांना विचारा: ढिगाचा वरचा अर्धा भाग (उंचीनं अर्धा) काढून टाकला तर किती वाळू गेली? मुलं हमखास 'निम्मी' म्हणतात, हुशार मुलं 'पाव' म्हणतात. खरं उत्तर एक अष्टमांश. तुमच्या २४० पैकी फक्त ३० घनफूट. उरलेली २१० खालच्या निम्म्या उंचीत बसलेली असते.

माळरान

सर, वर्गांची बेरीज पटली. पण वाळूवाल्यापुढं १, ४, ९, १६ करत बसलो तर तो चहा पाजून वाटेला लावेल. हातात धरून दाखवता येईल असं काही?

कोकमसरबत

आहे ना. दुपारी करून बघितलं, म्हणून सांगते.

एक ठोकळा घ्या, सगळ्या बाजू सारख्या. मी सुरण घेतला कारण घरात तेवढंच टणक होतं. ही चूक तुम्ही करू नका, मी अजून हात खाजवतेय. दुधी किंवा लाल भोपळा घ्या.

ठोकळ्याचा एक कोपरा धरा आणि त्याच्या थेट समोरचा, सगळ्यात लांबचा कोपरा बघा. दोन्हींना पेनानं ठिपका. आता सुरी अशी चालवायची की ती वरच्या तोंडाच्या कर्णावरून उतरून खालच्या तोंडाच्या कर्णावर निघेल, आणि दोन्ही ठिपके तिच्या वाटेत येतील. असे तीन काप, तिन्ही त्याच दोन ठिपक्यांतून, ठोकळ्याच्या तीन दिशांना एकेक. पहिला सोपा जातो. दुसऱ्याला तुकडे सरकतात, म्हणून रबरबँड लावून घ्या. तिसऱ्याला नवऱ्याला बोलवा.

सहा तुकडे पडतात, सगळे सारख्या मापाचे. त्यातले शेजारशेजारचे दोन दोन जोडले की तीन सुळके तयार होतात. प्रत्येकाचा तळ म्हणजे ठोकळ्याची एक अख्खी चौकोनी बाजू, उंची ठोकळ्याएवढीच, आणि तिघांचं टोक एकाच कोपऱ्यात. तळ तोच, उंची तीच, आणि ठोकळ्यात बसले तीन. निम्मं असतं तर दोनच बसले असते!

लेकीनं किचनच्या काट्यावर वजन केलं: ८४, ८७ आणि ८१ ग्रॅम. दोष सुरीचा.

रेघोट्या

सुरणाला दंडवत. पण दोन शंका येणारच, म्हणून आधीच लिहितो.

एक, तुमच्या सुळक्याचं टोक कोपऱ्यावर आहे, माळरान यांच्या ढिगाचं मध्यावर. हरकत नाही. पत्त्यांचा कॅट घ्या, ढकलून तिरका करा. पत्ते तेच, उंची तीच, घनफळ बदलत नाही. टोक कुठंही सरकवा, थराथरातलं क्षेत्रफळ तेच राहतं. कॅव्हेलिअरी या इटालियन गणितज्ञानं १६३५ मध्ये हेच तत्त्व पुस्तकात मांडलं. तळाचा आकारही असाच बदलता येतो. तळ चौकोनी असो, गोल असो की माझ्या काकाच्या प्लॉटसारखा वेडावाकडा असो, प्रत्येक उंचीवर तो सारख्याच प्रमाणात आकसतो, म्हणून तिसरा हिस्सा सगळ्यांना लागू.

दोन, इथं पत्ते ढकलण्याची, थर मोजण्याची, म्हणजे बारीक होत जाणाऱ्या बेरजेची गरज का पडली? नुसती कापाकापी करून, तुकडे जोडून कुठल्याही सूचीचा (म्हणजे टोकदार सुळक्याचा) ठोकळा करता येणार नाही का? सपाट आकारांत ते चालतं, कुठलाही बहुभुज कापून त्याच क्षेत्रफळाचा चौरस करता येतो. जर्मन गणितज्ञ गाउसला ही गोष्ट १८४४ मध्येच खटकली होती. हिल्बर्टनं १९०० मध्ये पॅरिसच्या गणित परिषदेनिमित्त जी प्रश्नांची यादी काढली तिच्यातला तिसरा प्रश्न हाच. त्याचा विद्यार्थी मॅक्स डेन यानं त्याच वर्षी उत्तर दिलं: नाही जमत. चारही बाजू समभुज त्रिकोण असलेली सूची कितीही तुकडे करून घन म्हणून परत जोडता येत नाही, कारण तिच्या दोन बाजूंमधला कोन (७०.५ अंशांच्या आसपास) ठोकळ्याच्या काटकोनाशी कधी मेळच खात नाही. सुरणाचा ठोकळा नशीबवान, त्याचे सुळके आयते बसतात.

पोथीवाला

माळरान, 'निम्मं' म्हणालात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. फार मोठ्या माणसाच्या पंगतीला बसला आहात.

आर्यभटाचं आर्यभटीय, इ.स. ४९९. त्यातल्या गणितपादातला, म्हणजे गणिताच्या प्रकरणातला, सहावा श्लोक. पहिल्या ओळीत त्रिकोणाचं क्षेत्रफळ: पाया आणि लंबाच्या गुणाकाराचा अर्धा. बरोबर. दुसऱ्या ओळीत 'षडश्रि', म्हणजे सहा कडांचा घन, त्रिकोणी तळाची सूची. तिचं घनफळ काय दिलंय? तळाचं क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराचा अर्धा! तुमचीच वाट. त्रिकोणात अर्धा, मग घनातही अर्धा. ६२९ मध्ये पहिल्या भास्करानं भाष्य लिहिलं, त्यानंही अर्धाच धरून उदाहरण सोडवलं.

आणि त्याच सुमारास, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तानं स्वच्छ सांगून टाकलं: समखाताचं, म्हणजे वरपासून खालपर्यंत सारख्या खड्ड्याचं, घनफळ तीननं भागलं की सूचीचं घनफळ. पुढं ११५० मध्ये लीलावती या ग्रंथात दुसरे भास्कराचार्यही तेच सांगतात. जाता जाता एक गंमत, जुन्या गणितात 'शंकू' म्हणजे सावली मोजायची उभी काठी. आपण ज्याला शंकू म्हणतो ती त्यांची 'सूची', म्हणजे सुई.

तांबडी_माती

झालं. आता आर्यभटाला चुकीचं ठरवण्यापर्यंत मजल गेली. वाळूचा ढीग राहिला बाजूला.

पोथीवाला

तांबडी माती, चुकीचं आहे म्हणणं आणि लहान आहे म्हणणं यात फरक आहे. याच माणसानं चार श्लोक पुढं परिघ-व्यासाचं गुणोत्तर ३.१४१६ दिलंय. काही अभ्यासकांनी सहाव्या श्लोकाचा वेगळा अर्थ लावून तो वाचवायचा प्रयत्न केला आहे. मला तो ओढूनताणून वाटतो.

खरं तर मला चुकीपेक्षा दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. पाटीपुस्तक सरांनी वर १, ४, ९, १६ ची बेरीज केली ना? तिचं सूत्र आर्यभटानं त्याच पादात, बाविसाव्या श्लोकात दिलेलं आहे. त्याच्या आधीच्या एकविसाव्यात त्रिकोणी चितीचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या चेंडूंसारख्या ढिगाचं. तीन लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार भागिले सहा. आता तळाच्या त्रिकोणात चेंडू असतात साधारण थरांच्या वर्गाच्या निम्मे. त्याला उंचीनं गुणून तीननं भागा, सहाच येतात छेदात! तिसरा हिस्सा त्याच्या स्वतःच्या वहीत पंधरा श्लोक पुढं लिहून ठेवला होता. त्यानं ती दोन पानं शेजारी ठेवून बघितली नाहीत, एवढंच.

तांबडी_माती

हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

खळ्यावरचा

धागा भारी चाललाय. वाचनखूण साठवली. पोथीवाले, आमच्याकडं मळणी झाली की रास करायचे आणि आजोबा राशीभोवती दोरी फिरवून 'इतकी पोती' सांगायचे. पोत्या-दोन पोत्यांचा फरक पडायचा, जास्त नाही. उंची कधी मोजताना बघितलं नाही. हे गणित कुठं आहे का?

पोथीवाला

तुमच्या आजोबांचं गणित लीलावतीत आहे. राशिव्यवहार नावाचं छोटंसं प्रकरणच आहे. मला ते सगळ्या ग्रंथात सर्वांत जास्त आवडतं, कारण त्यात खळ्याची धूळ आहे.

उंची मोजायचीच नाही. हरभऱ्यासारखं जाड धान्य असेल तर उंची घेराचा दहावा भाग धरायची. मोहरीसारखं बारीक असेल तर अकरावा. कुसळाचं, साळीसारखं असेल तर नववा. मग घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, उंचीनं गुणायचं. संपलं. हात हे माप असेल तर आलेले घनहात म्हणजे तितक्या मागध खारी (खारी हे धान्याचं जुनं माप).

उदाहरण त्यांचंच: घेर ६० हात, जाड धान्य. उंची ६. साठाचा सहावा भाग १०, वर्ग १००, गुणिले ६, म्हणजे ६०० खारी. तेवढ्याच घेराचं बारीक धान्य भरतं ५४५ आणि पाच अकरांश, कुसळाचं ६६६ आणि दोन तृतीयांश.

'सहावा भाग' कुठून आला बघा. परिघ व्यासाच्या तिप्पट धरला की परिघाचा सहावा भाग म्हणजे त्रिज्या. तिचा वर्ग गुणिले तीन म्हणजे तळ. गुणिले उंची, भागिले तीन. ते दोन तीन एकमेकांना खाऊन टाकतात! सूचीचा तिसरा हिस्सा आणि 'पाय (π) म्हणजे तीन' ही ढोबळ किंमत, दोन्ही एकाच घासात गिळले. आणि त्यांना बारीक किंमत माहीत नव्हती असं नाही. त्याच ग्रंथात ३९२७/१२५० आहे, २२/७ आहे. खळ्यावर भागाकार नको, दोरीला सहा घड्या घालता याव्यात, म्हणून मुद्दाम तीन घेतला, असं मी समजतो. पावणेपाच टक्के जास्त भरतं उत्तर. तुमच्या आजोबांचं पोतं-दोन पोती.

रास भिंतीला टेकलेली असेल तर दिसणारा घेर दुप्पट करा, घनफळ काढा, निम्मं करा. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट करून शेवटी चौथा हिस्सा. घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वेढून असेल तर घेर सव्वापट नव्हे, एक पूर्णांक एक तृतीयांश पट, आणि शेवटी तितक्यानंच भागायचं. त्यांनी घेरही मजेदार दिलेत: भिंतीचा ३०, आतल्या कोपऱ्याचा १५, बाहेरच्या कोपऱ्याचा ४५. तिन्ही वेळा ६० च होतात. उत्तरं ३००, १५०, ४५०.

चाळीसगावजवळच्या पाटणला कुणी गेलं तर तिथला शिलालेख जरूर बघा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा तो लेख, १२०७ चा. शेवटी जुन्या मराठीतल्या ओळी आहेत.

लेव्हलट्यूब

साइटवर बावीस वर्षं आहे, म्हणून माझी दोन घमेली.

पोथीवाल्यांनी सांगितलेलं दहावा, अकरावा, नववा हे वाचून खुर्चीत सरसावून बसलो. घेराचा दहावा भाग म्हणजे उताराचा कोन ३२ अंश. अकरावा म्हणजे ३०. नववा म्हणजे ३५. आम्ही याला अँगल ऑफ रिपोज म्हणतो. कोरडा माल ओतला की तो आपल्या कोनावर येऊन थांबतो. आणखी ओता, ढीग मोठा होतो, उतार तोच राहतो. दाणा खरखरीत किंवा कुसळाचा असेल तर एकमेकांना धरून ठेवतो, उतार चढा. गुळगुळीत बारीक दाणा घसरतो, उतार पसरट. हे ११५० मध्ये कुणीतरी खळ्यावर बसून मोजलंय, नुसतं श्लोक जुळवायला लिहिलेलं नाही.

माळरान, तुमच्या ढिगाचा कोन साधारण ३४ अंश. क्रश सँडला शोभतो. पण सळईवर फार विसंबू नका, खाली अंगण पोकळ असेल तर ती जमिनीत घुसते. टेप टोकावरून उतारावर टाकून तळापर्यंत तिरकस उंची घ्या. ८ फूट ५ इंच यायला हवी. आली तर ८.४२ चा वर्ग वजा ७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ४.६८. तुमचे ४ फूट ८ इंच.

दुसरं, वाळूवाल्याला लगेच चोर ठरवू नका. ओलसर वाळू फुगते. दाण्याभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो आणि दाणे एकमेकांपासून लांब राहतात. चारपाच टक्के ओलीला बारीक वाळू पाव हिश्श्यापर्यंत फुगलेली दिसते. हौद्यात ओली मोजली, तुमच्या अंगणात चार दिवस उन्हात वाळली, बसली. साठ घनफूट सगळे त्याच्यात जातात असं मात्र म्हणणार नाही.

माळरान

तिरकस उंची ८ फूट ५ इंचच आली! आत्ता मोजून आलो. आईला वाटतंय मला वेड लागलंय.

पावसाचं चिन्ह आहे म्हणून एक जोडप्रश्न: ताडपत्री केवढी आणू? शंकूचं वक्रपृष्ठ मी काढलं, पाय × ७ × ८.४२, म्हणजे १८५ चौरस फूट. दुकानात १२ बाय १८ ची आहे, २१६ होते. पुरेल ना?

लेव्हलट्यूब

नाही पुरणार. क्षेत्रफळ पुरतं, आकार पुरत नाही. एका कडेच्या तळापासून टोकावरून पलीकडच्या तळापर्यंत टेप टाका: दोनदा ८ फूट ५ इंच, १६ फूट १० इंच. आणि हे सगळ्या दिशांनी. बारा फुटाची बाजू अडीच फूट वर लटकेल दोन्हीकडं. १८ बाय १८ आणा.

कोकमसरबत

आणि मग घड्या पडतील त्या घडीघडीनं एकाच बाजूला घ्या. शंकू उलगडला की अख्खं वर्तुळ होत नाही, पाचर काढलेली भाकरी होते. तुमचा कोन सातास ८.४२, म्हणजे ३६० पैकी ३०० अंशच लागतात, ६० अंशांची पाचर जास्तीची. मेंदीचा कोन करताना आपण तीच पाचर आत गुंडाळतो. निमुळता हवा तर जास्त गुंडाळायचं, पसरट हवा तर कमी.

नाईलकाठ

उशिरा आलो. सगळे टोकदार ढिगाचं बोलताहेत, पण दोन दिवस गवंड्यानं वरून वाळू उपसली की टोक जाईल आणि उरेल तो शंकूछेद. मग काय करणार?

हे कोडं फार जुनं आहे. मॉस्कोतल्या संग्रहालयात एक पपायरस आहे, इ.स.पूर्व १८५० च्या आसपासचा. त्यातलं चौदावं उदाहरण: टोक छाटलेली चौकोनी सूची, तळ ४, माथा २, उंची ६. लेखनिक सांगतो, ४ चा वर्ग १६, ४ ची दुप्पट ८, २ चा वर्ग ४. बेरीज २८. ६ चा तिसरा हिस्सा २. अठ्ठावीस दुणे ५६. बरोबर! तो मधला ८ त्याला कसा सुचला हे त्यानं लिहिलेलं नाही. साधा माणूस १६ आणि ४ ची सरासरी १० घेईल, सहानं गुणेल, ६० म्हणेल, आणि फसेल.

तिसरा हिस्सा तिथंही आहे, बघा. ज्यांनी गिझाचा पिरॅमिड बांधला त्यांना तो लागणारच. तळाची बाजू २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरच्या वर. तिसऱ्या हिश्शानं सुमारे २६ लाख घनमीटर. माळरान यांच्या भाषेत नऊ लाख ब्रासच्या वर. उतार मात्र जवळजवळ ५२ अंश, तो वाळूला झेपायचा नाही, त्याला दगडच हवा.

पोथीवाला

लीलावतीत हाच प्रश्न विहिरीसाठी येतो. तोंड १० बाय १२, तळ ५ बाय ६, खोली ७. तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०, आणि दोन्हींच्या लांबी-रुंदींची बेरीज करून तिचं क्षेत्रफळ: १५ बाय १८, २७०. तिन्ही मिळून ४२०, भागिले सहा ७०, गुणिले सात ४९०. नाईलकाठ यांचं उदाहरण यात घालून बघा: १६, ४ आणि ३६, बेरीज ५६, भागिले सहा गुणिले सहा. ५६!

लेव्हलट्यूब

हे सूत्र आजही पोट भरतंय. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतला ३० बाय ३० बाय ३ मीटरचा आकार घ्या. बाजूंना एकास एक उतार, म्हणजे तळ २४ बाय २४. ९००, ५७६ आणि ५४ चा वर्ग २९१६. बेरीज ४३९२, भागिले सहा, गुणिले तीन: २१९६ घनमीटर. सरासरीनं काढलं तर २२१४. अठरा घनमीटर खोदाई न करताच खोदली. पोकलेनवाले सरासरीच लावतात, का ते विचारू नका.

माळरान

मंडळी, निकाल.

काल वाळूवाल्याकडं गेलो. लाल भोपळ्याचे तीन सुळके रबरबँड लावून पिशवीत नेले होते. त्याच्या टेबलावर ठोकळा ठेवला, रबर काढला, तिन्ही बाजूला मांडले. म्हटलं, तळ सारखा, उंची सारखी, मोजा किती बसतात. त्यानं दोनदा जोडले, दोनदा काढले, मग पोऱ्याला हाक मारून त्यालाही दाखवले. मग म्हणाला, "सायेब, गाडी भरताना माल वला होता. पर तीन नव्हता, ते बी खरं. नेहमीच्या गाडीला सगळे तीनच म्हणत्यात."

गाडी तिथंच उभी होती. हौदा मोजला: लांबी ११, रुंदी ७, माल भरल्याची खूण सव्वातीन फुटावर. २५० घनफूट. अडीच ब्रास. अर्ध्या ब्रासचे पैसे पुढच्या खेपेत वळते करायचं ठरलं.

घरी येऊन भाच्यासमोर ढिगाला लीलावतीचा नियम लावला. ४४ चा सहावा भाग ७.३३, वर्ग ५३.८, गुणिले ४.६७. आले २५१!

लेव्हलट्यूब

म्हणजे भास्कराचार्यांनी वाळूची फुगवट आधीच धरलेली होती म्हणायची.

पोथीवाला

हे लिहून ठेवू नका कुणी, उद्या फॉरवर्ड होऊन माझ्याकडेच येईल.

चिमणीचंद

भोपळ्याचं काय झालं?

माळरान

वाळूवाल्यानं दोन सुळके ठेवून घेतले, गिऱ्हाइकांना दाखवायला. तिसऱ्याची भाजी झाली. सोमवारी खडीचा टिपर येतोय. मी घरीच आहे, टेप खिशात आहे, आणि १८ बाय १८ ची ताडपत्री आणलीय.